आईच्या कोपरामागची गाडी

रेवदंडा,
४ जानेवारी २०२४

आदरणीय विश्वंभर आठल्ये यांस,

आपली ओळख नाही. माझा भाचा परेश जुन्या गाड्यांचं मासिक मागवतो, त्यातलं तुमचं ‘अर्धी गाडी’ हे सदर मी आवडीने वाचते. लोक कुठलेकुठले फोटो पाठवतात, गाडीचा एखादा कोपरा दिसत असतो, आणि तुम्ही तेवढ्यावरून तिचं नाव सांगता. मला स्वतःला गाड्यांतलं काही कळत नाही. रिक्षाने अलिबागला जाते-येते, एवढाच संबंध. पण एका गाडीचं नाव मला हवं आहे, कारण मी तिच्यात जन्मले.

साठ सालचा शिमगा. वडील उरणला मिठागरावर नोकरीला होते. आईला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. गावातले गाडीवान पालखीबरोबर गेलेले, बैल गोठ्यात नुसते उभे. शेजारची सखूमावशी आईला धरून रस्त्यापर्यंत आली, तेव्हा किनाऱ्याकडून एक मोटार आली. चालवत होती एक तरुण मुलगी, एकटी. सखूमावशी सरळ आडवी उभी राहिली. अलिबागच्या दवाखान्याकडे निघाले, पण नागावच्या अलीकडेच मी जन्मले.

पुढे ती मुलगी एका वयस्क गृहस्थांबरोबर घरी येऊन गेली. त्यांनी आईचा आणि माझा गाडीजवळ फोटो काढला आणि नंतर टपालाने पाठवला. मुलीने गाडीतच नाव सांगितलं होतं. आई ‘मिलन’ म्हणायची, पण स्वतःच पुढे जोडायची की असंच काहीतरी होतं. त्या नावाने मी पुष्कळ शोध घेतला. कोणी सापडलं नाही.

आई गेल्या दिवाळीत गेली. शेवटी शेवटी तिने तोच धोशा लावला होता, त्या मुलीचं पुढे काय झालं ते कळलं नाही. माझा मोठा भाऊ दत्ताराम, म्हणजे परेशचे वडील, म्हणतो की मूल घरातच झालं, गाडी आईने मागाहून गोष्टीत आणली. माझ्या जन्मदाखल्यावर रेवदंडाच लिहिलंय, त्यामुळे त्याला जोर चढतो.

फोटोला वाळवी लागली. तळहाताएवढा तुकडा उरलाय, त्याची प्रत सोबत आहे. आई मला घेऊन उभी आहे. मागे मडगार्ड, अर्धा दिवा आणि थोडंसं दार. दाराची मूठ मडगार्डला लागून आहे. गाडी कळली तर कदाचित माणूसही कळेल, एवढीच आशा.

आपली,
प्रमोदिनी राऊत


पुणे,
१३ जानेवारी २०२४

प्रमोदिनीताई,

गाडीत जन्मलेल्या व्यक्तीचं पत्र मला आजवर आलं नव्हतं. मी एका मोटार कारखान्यात आयुष्यभर नकाशे काढले, त्यामुळे मला गाडी आधी दिसते आणि माणूस नंतर. तुमच्या पत्राने हा क्रम उलटा केला.

आता उत्तर. मूठ मडगार्डला लागून, म्हणजे दाराच्या पुढच्या कडेला. म्हणजे बिजागऱ्या मागे आणि दार उलटं उघडणारं. त्या काळात आपल्याकडे अशी दारं असलेली गाडी म्हटली की फियाट अकराशे. अशा गाड्या मुंबईत खंडीभर होत्या. त्यातली तुमची कुठली, हे सांगणं अवघड आहे. तुमची निराशा होणार हे मला कळतंय, पण खोटी आशा लावणं माझ्या स्वभावात नाही.

तुमची प्रत मात्र फार काळपट आली आहे. फोटोत जे जे दिसतं ते शब्दांत लिहून पाठवाल का? तुम्हाला निरर्थक वाटेल तेही लिहा. आणि आई गाडीबद्दल जे काही बोलली असेल, तेही.

विश्वंभर आठल्ये


रेवदंडा,
२१ जानेवारी २०२४

आदरणीय विश्वंभरराव,

फियाट नाही. तुमच्यासारख्या जाणकाराला असं लिहिणं आगाऊपणाचं आहे, पण नाहीच.

तुमचं पत्र वाचून मी थळला गेले. तिथे आमचे बाळाजीमामा राहतात. त्यांच्या घरी एके काळी फियाट होती. तिचा आवाज कसा होता, असं त्यांना विचारलं, तर म्हणाले, शिवणयंत्रासारखा, गोड. आई तर कायम म्हणायची की ती गाडी फटफटीसारखी वाजत होती, टरटर. सखूमावशी म्हणायची की मचव्याचं मशीन गाडीत बसवलंय असं वाटलं. मागून निळा धूर निघत होता. आणि अजून एक. फोटो काढायला आले त्या दिवशी त्या गृहस्थांनी पेट्रोलच्या टाकीत डब्यातून तेल ओतलं. आईला वाटलं, बिचाऱ्यांची चूक झाली, पण मोठ्या माणसाला सांगायचं कसं म्हणून ती गप्प बसली. हे ती हसत हसत सांगायची. फियाटमध्ये पेट्रोलच्या टाकीत तेल ओततात का हो?

अलिबागच्या स्टुडिओतून मोठी, उजळ प्रत करून आणली आहे, ती सोबत. आणि तुम्ही म्हणालात तसं वर्णन. आई नऊवारीत आहे, डोक्यावरून पदर. मी दुपट्यात, माझं नाक तेवढं दिसतंय. तिच्या उजव्या कोपराखाली बांगड्या दिसतात, मोठ्या, पांढऱ्या. मागे मडगार्ड गोलसर, फुगीर, भाकरी टम्म फुगते तसं. दिवा मडगार्डमध्येच बसवलेला. दाराची काच छोटी.

दत्ताराम शेजारी बसून हे सगळं बघतोय. त्याच्या मते मी निवृत्तीनंतर रिकामी झाले म्हणून हे उद्योग.

प्रमोदिनी


पुणे,
२९ जानेवारी २०२४

प्रमोदिनीताई,

तुमचं पत्र आल्यापासून मी खुर्चीत बसलेलो नाही.

फियाट मी मागे घेतो, क्षमा असावी. टाकीत तेल ओतणाऱ्या गृहस्थांची काहीही चूक नव्हती. पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं म्हणजे टू-स्ट्रोक इंजिन, स्कूटरला असायचं तसं. म्हणून निळा धूर, म्हणून टरटर. टू-स्ट्रोक इंजिनाची मोटार आपल्या देशात तेव्हा शोधून सापडायची नाही. माझ्या डोक्यात दोन-तीन नावं आहेत, पण आता मी घाई करणार नाही. एकदा तोंडावर आपटलोय.

मला एक गोष्ट खटकते. तुम्ही लिहिलंत की आईच्या कोपराखाली बांगड्या दिसतात. आईने बाळ छातीशी धरलंय ना? मग तिचे हात दुमडलेले असणार आणि मनगट कोपराच्या वर असणार. बांगड्या खाली कशा येतील? भिंग घ्या, उन्हात बसा आणि मनगट कुठे आहे ते आधी शोधा. मग खालच्या बांगड्यांकडे बघा. त्या किती आहेत, एकमेकींवर आहेत की शेजारी शेजारी, आईच्या हाताला लागून आहेत की मागे, ते लिहा. दुसरं काही नको.

उत्तर लवकर पाठवा. फोन करू नका, मला लिहिलेलंच लागतं.

विश्वंभर


रेवदंडा,
५ फेब्रुवारी २०२४

विश्वंभरराव,

त्या बांगड्या नाहीत.

सकाळी वाडीत, सुपाऱ्या वाळत घातल्यात तिथे उन्हात चटई टाकून बसले आणि भिंग लावलं. आईचं मनगट माझ्या दुपट्याखाली आहे, त्यावर काचेच्या बारीक बांगड्या आहेत, मळकट करड्या दिसणाऱ्या. तुम्ही म्हणालात तसंच. आणि कोपराखाली जे दिसतं ते आईच्या मागे आहे, गाडीच्या तोंडावर. मडगार्डपलीकडे आडव्या पट्ट्यांची जाळी असावी असं वाटतं, तिच्यावर ते बसवलंय. एक पूर्ण कडी, तिच्यात अडकलेली दुसरी, आणि दुसरीत अडकलेल्या तिसरीची नुसती कड. पुढचं वाळवीने खाल्लंय. साखळीसारख्या आहेत, पण एका ओळीत, आडव्या.

इतकी वर्षं मी हा फोटो पाहतेय, आणि दर वेळी त्या आईच्या बांगड्याच होत्या.

मी दत्तारामला हाक मारली. त्याने भिंग घेतलं, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “ह्या बांगड्या न्हायत.” मग भिंग परत न देता परेशला दाखवायला घेऊन गेला. परेश काय बोलला ते मी तुम्हाला सांगत नाही. तुम्ही आधी सांगा.

प्रमोदिनी


पुणे,
१२ फेब्रुवारी २०२४

प्रमोदिनीताई,

परेश म्हणाला असेल, आत्या, ही तर ऑडीची खूण. बरोबर आहे, पण तेव्हा ऑडी नावाने गाड्या निघत नव्हत्या. त्या चार कड्या म्हणजे एकत्र आलेले चार जर्मन कारखाने, आणि त्यांतला एक हट्टी कारखाना टू-स्ट्रोक इंजिनाच्या गाड्या बनवायचा. तुमच्या गाडीचं नाव डीकेडब्ल्यू, थ्री इक्वल्स सिक्स. तीन बरोबर सहा. तीन सिलिंडरचं इंजिन सहाचं काम करतं, असा त्यांचा दावा. गोल मडगार्ड, उलटं दार, निळा धूर, टरटर, कड्या. एकही गोष्ट नावाच्या बाहेर राहत नाही.

आणखी ऐका. बाकीच्या मोटारींना मागची चाकं ढकलायची. हिला पुढची चाकं ओढायची. पुळणीच्या वाळूतून आणि त्या वेळच्या तुमच्या रस्त्यांवरून ती निघाली, यात नवल नाही.

आता मुख्य गोष्ट. अशी गाडी मी आयुष्यात एकदाच पाहिली. ठाण्याला एका बाईंच्या अंगणात, ताडपत्रीखाली. मी तरुण होतो, विकत मागायला गेलो होतो. बाईंनी चहा दिला आणि गाडी विकायची नाही असं सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, ती ऋणातली गाडी आहे. मी तेव्हा समजलो, कर्जाऊ घेतली असेल.

काल मी ठाण्याच्या विनेशला फोन केला. त्याचं जुन्या गाड्यांचं गॅरेज आहे. तो म्हणाला की बाई आहेत, आणि गाडीही आहे. तोच अधूनमधून जाऊन ती सुरू करतो. बाई बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, मूळ घर रेवदंड्याचं. नाव मिल्काबाई.

मिल्का. मोठ्याने म्हणून बघा, ताई. आणि कळांनी बेजार झालेल्या बाईला ते कसं ऐकू येईल, याचा विचार करा.

विनेशचा नंबर खाली दिला आहे. लगेच जा.

विश्वंभर

ता. क. काकू, मी भक्ती, विश्वंभररावांची सून. त्यांची पत्रं मीच लिहून घेते. हे मात्र मी माझ्या मनाने लिहितेय, त्यांना ठाऊक नाही. तुमची प्रत काळपट नव्हती. बाबांना गेल्या वर्षभरात दिसेनासं झालंय. एक डोळा गेला, दुसऱ्याने फक्त उजेड कळतो. तुमचा फोटो त्यांनी पाहिलेलाच नाही. मी तुमची पत्रं वाचून दाखवते, ते डोळे मिटून बोटांनी हवेत गाडी काढतात. सदर बंद करायचं म्हणून त्यांनी संपादकांना लिहूनही टाकलं होतं. तुमच्या बांगड्यांनी त्यांना पुन्हा उभं केलं. त्यांना कळू देऊ नका, पण ठाण्याला गेलात की सगळं लिहा. त्यांनाही यायचं होतं, पण डोळ्याचं इंजेक्शन आहे.


रेवदंडा,
२६ फेब्रुवारी २०२४

प्रिय विश्वंभरराव,

ठाण्याहून येऊन अजून बॅगही उघडलेली नाही. आधी पत्र. तुम्ही बारकाईने विचारता, म्हणून मीही बारकाईने बघून आले.

परेशने गाडी काढली. दत्ताराम येणार नाही असं दोन दिवस म्हणत होता, आणि निघायच्या वेळी इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या सीटवर जाऊन बसला. पेणपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता. मग एकदम म्हणाला की आईने ही गोष्ट सांगितली की त्याला वाटायचं, घरात तो होता, वडील नव्हते, आणि आईला कोणा परक्या मुलीने वाचवलं. त्याला ते कधी रुचलंच नाही. पाच वर्षांचा होता तो. मी मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मिल्काबाई ठेंगण्या, गोऱ्या, केस पांढरेशुभ्र आणि अगदी आखूड. वय चौऱ्याऐंशी. दारातच उभ्या होत्या. मराठी आपल्यासारखीच, अधूनमधून रेवदंड्याचा हेल. मी नमस्कार करायला वाकले, तर त्यांनी मला धरून सरळ केलं आणि माझं तोंड उजेडाकडे वळवून बघत राहिल्या.

आधी गाडी सांगते, कारण तुम्ही वाट बघत असाल. ताडपत्री विनेशने काढून ठेवली होती. रंग फिका हिरवट, कोवळ्या शहाळ्यासारखा, पण दारांच्या कडांना उडालाय आणि तिथे लाल गंज. मडगार्डवर हात फिरवला तर कुठेही कोपरा लागत नाही, मडक्यावरून फिरवल्यासारखा हात पुढे पुढे जातो. जाळी थंडगार होती. कड्या चारही आहेत. शेवटची थोडी वाकलीय, तिला बोट लावलं की किंचित हलते. दार उघडलं तर खरंच उलटं, कपाटासारखं. आत जुन्या रेक्झिनचा आणि पेट्रोलचा वास, आणि त्याखाली काहीतरी दमट, बंद पेटीसारखं. मागची सीट अरुंद आहे. मी तिथे बसले. दत्तारामने वाकून आत पाहिलं आणि मला म्हणाला, “हितं?” मिल्काबाई म्हणाल्या, “इथेच.” त्यानंतर तो अंगणात झाडाखाली जाऊन बसला. परेशने त्याला पाणी नेऊन दिलं.

आता त्यांची हकिकत. आई समजत होती की ती कोणी डॉक्टरीण किंवा नर्स असावी, कारण तिने धीराने सगळं केलं. तसं काहीच नव्हतं. मिल्काबाई तेव्हा वीस वर्षांच्या, मुंबईत एका कचेरीत टायपिस्ट. गाडी त्यांच्या काकांची. काका सुटीला रेवदंड्याच्या घरी आले होते (ते घर पुढे विकलं, म्हणून मला गावात माग लागला नाही) आणि दुपारचे झोपले होते. ओल्या पुळणीवर गाडी चालवून बघावी, म्हणून यांनी न विचारता चावी उचलली. त्या शिकत होत्या, तेवढंच. परत येताना सखूमावशी रस्त्यात उभी.

मी विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटली? त्या म्हणाल्या की भीती इतकी वाटली की तुझ्या आईला गाडीत घेतल्यावर पहिला विचार आला, काकांना बोलावून आणावं. पण त्यासाठी गाडी वळवायला हवी होती. “मला अजून मागे घेता येत नव्हती,” त्या म्हणाल्या. “मागे घेणं मी शिकलेच नव्हते. म्हणून पुढेच गेले.”

नागावच्या अलीकडे सखूमावशीने मागून ओरडून गाडी थांबवायला लावली आणि मिल्काबाईंना मागे बोलावलं. सखूमावशी सांगेल तसं त्यांनी केलं. मी आधी त्यांच्याच हातात आले, आणि रडले नाही. सखूमावशीने मला त्यांच्या हातातून घेतलं, उलटं धरलं, पाठीवर थापटलं. मग रडले. मिल्काबाई म्हणाल्या की मधल्या त्या वेळात त्या जे काही मागत होत्या ते देवाकडे की सखूमावशीकडे, हे त्यांना आजही कळत नाही. पुढे दवाखान्यात न जाता सगळे घरी परतले, कारण आईने हट्ट धरला. गाडी वळवायला रस्त्यावरच्या माणसांनी ती ढकलली. म्हणून माझ्या दाखल्यावर रेवदंडा.

मी आईच्या वतीने त्यांचे आभार मानायला गेले होते. वाक्यसुद्धा मनात जुळवून ठेवलं होतं. त्यांनी मला ते बोलूच दिलं नाही. म्हणाल्या, “मुंबईला परतले आणि महिन्याभरात कचेरी सोडली. सुइणीचं शिक्षण घेतलं. सरकारी दवाखान्यात जन्मभर तेच केलं. तू रडली नसतीस तर मी पुन्हा कुठल्या बाळाला हात लावला नसता.” काकांनी जाताना गाडी त्यांच्या नावे केली. ऋणातली गाडी म्हणजे ते ऋण, विश्वंभरराव. कर्जाचं नव्हे.

निघताना दत्ताराम झाडाखालून उठून आला. मिल्काबाईंसमोर उभा राहिला. त्याने विचारलं की गाडीला काही डागडुजी हवी असेल तर परेश करून देईल. मग त्यांना शिमग्याला रेवदंड्याला या म्हणून आग्रह केला. त्या येतो म्हणाल्या.

तुमची तब्येत कशी आहे?

प्रमोदिनी


पुणे,
४ मार्च २०२४

प्रमोदिनीताई,

तुमचं पत्र भक्तीने मला तीनदा वाचून दाखवलं. मडगार्डचं वाक्य पुन्हा वाच, असं मी तिला इतक्यांदा म्हणालो की शेवटी तिने स्वयंपाकघरातलं मडकं आणून माझ्या हातात दिलं. मी त्यावर हात फिरवला. बरोबर आहे. अगदी तशीच होती ती.

भक्तीने तुम्हाला माझ्या डोळ्यांबद्दल कळवलं, हे मला लगेच समजलं. ज्या बाईने पहिल्या पत्रात दिवा, मडगार्ड आणि मूठ एका ओळीत उरकली, ती एकदम जाळी किती थंड आहे ते लिहायला लागत नाही. तुम्ही दोघींनी माझ्याशी खोटेपणा केलात, आणि मी तुमच्याशी काळपट प्रतीचा. फिट्टंफाट झाली.

डॉक्टर म्हणतात, इंजेक्शनाने आहे तेवढा उजेड टिकेल, वाढणार नाही. ठीक आहे. संपादकांना मी कळवलंय की सदर बंद करण्याचं पत्र रद्द समजावं. त्यांना हेही लिहिलं की यापुढे सदराखाली दोन नावं छापायची. तुम्हाला न विचारता लिहिलं. मलाही मागे घेता येत नाही.

सोबत वाचकांचे सहा फोटो पाठवतोय. पुष्कळ दिवसांपासून पडून होते. एकात म्हणे लग्नाच्या वरातीमागे मागचा एक दिवा दिसतो. दुसऱ्यात बंदराच्या धक्क्यावर कोणाच्या तरी पायाशी चाकाची टोपी आहे. बाकीचे भक्तीला समजले नाहीत. तुम्ही उन्हात बसा, भिंग घ्या, आणि काय दिसतं ते मला सांगा. बांगड्या वाटल्या तर बांगड्या लिहा, त्या कोणाच्या हातात आहेत ते आपण नंतर बघू.

विश्वंभर